मापाचा ब्लाउज

२००६ चा उन्हाळा. अकोल्याच्या कौशल्य प्रशिक्षण संस्थेत शिवणशिक्षिकेच्या एका जागेसाठी आम्ही नऊ जणी आलो होतो. माझ्या पर्समध्ये एकशे दहा रुपये होते. नवऱ्याची कापसाच्या जिनिंगमधली नोकरी गेल्यापासून घरात पगार नव्हता.

दिलेल्या मापाचा ब्लाउज कापायचा होता. कापड बिघडलं तर पन्नास रुपये भरायचे. कापताना हाताने गावची सवय सोडली नाही. पुढे उसवून ढिला करता यावा म्हणून शिवणीसाठी दोन बोटं जास्त कापड, म्हणजे माया, ठेवली.

परीक्षक बाईंनी टेप लावला. “एवढी माया काहून सोडली वो?”

“आमच्या गावात ब्लाउज दरसाली ढिला करा लागते, मॅडम.”

“मंग गावातच शिवा! माप चुकलं, कापड बिघडलं.”

बाकीच्या हसल्या. पन्नास रुपये मी कारकुनाला दिले, आणि पंचावन्न, घरी परतताना, अमरावतीच्या बसमधल्या कंडक्टरला.