तीनदा परत आलेला लेख

चार पानांचा अंक काढायला चाळीस भांडणं होतात, आणि दर भांडणाचा एक किस्सा होतो. आता इतके साचलेत की कॅन्टीनमधे कुणी नुसतं “सर काय म्हणाले?” विचारलं, की मी सुरू होते. ऐकणारे हसतात. मला मात्र दर वेळी नव्यानं राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

तर आम्ही विद्यापीठातली सायन्सची सात-आठ पोरं-पोरी. शास्त्र आणि आरोग्य यावर साध्या माणसाला कळेल असं लिहायचं, महिन्यातून एकदा छापायचं, आणि बिडकीन, करमाड, कन्नड असं फिरून बसस्टँडवर नाहीतर पिठाच्या गिरणीवर चिकटवायचं. मी संपादक, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणारी. आणि आमच्या डोक्यावर मार्गदर्शक म्हणून एक सर. त्यांची सही झाल्याशिवाय काहीच छापायचं नाही.

*

पहिल्याच अंकात आमच्यातल्या इरफाननं काविळीवर लेख लिहिला. बिलिरुबिनपासून सुरुवात, यकृताच्या पेशींवर शेवट. मी म्हटलं, बाबा, हे कुणाला तरी वाचून दाखव. त्यानं कॅन्टीनच्या रज्जाकचाचांना धरलं. चाचांनी हातातली किटली खाली ठेवली आणि पंधरा मिनिटं इमानदारीत ऐकलं. मान हलवत “भोत बढिया” म्हणाले.

मी विचारलं, चाचा, काय समजलं?

“येईच, के मेरेकू कावीळ है.”

दोन दिवस ते आरशात डोळे बघत होते! त्या दिवशी मी नियम केला. सायन्स न शिकलेल्या एका माणसाला लेख वाचून दाखवायचा, काय कळलं ते त्याच्या तोंडून ऐकायचं, मग खाली दोन नावं टाकायची: लिहिणार अमुक, ऐकणार तमुक. आणि लेखात नंतर काहीही बदललं तर पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवायचा. हा नियम मी कुणालाच मोडू दिला नाही.

*

उन्हाळ्यात जुलाबावर लेख केला. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, लेकराला दवाखान्यात कधी न्यायचं, एवढंच. सरांनी वाचला आणि नाक मुरडलं. जुलाब म्हणे असभ्य! त्यांनी ‘अतिसार’ केलं. ‘लघवी कमी होते’चं ‘मूत्रविसर्जनाचे प्रमाण घटते’ केलं. पोराच्या अंगातलं पाणी संपत आलंय आणि हे सभ्यता सांभाळतायत.

नियमाप्रमाणं पुन्हा वाचायला गेलो. ऐकणारी आमच्या मेसची कमलमावशी. बौद्ध घरातली, बोलायला फटकळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. आता दोन ओळी ऐकल्या आणि पोळी लाटायची थांबली.

“बाई, आमच्यात पूजा नसती. पण हे कोणत्या पूजेत म्हणायचं आसतंय?”

मी ते तसंच सरांना जाऊन सांगितलं. जुलाब परत आला. सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, तो आठवडा लई शांत गेला.

*

नंतर लिहिलं, सलाईननं ताकद येत नाही. साधा अशक्तपणा असेल तर नीट जेवा, रक्त तपासा, उगाच बाटली लावून घेऊ नका. करमाडला जाऊन आम्ही स्वतः खळ लावून भिंतीवर डकवला. दोन तासांनी इरफान तिकडून येताना बघतो, तर आमचा कागद फाडलेला. आणि आमच्याच खळीच्या ओल्या जागेवर दुसरा कागद: “येथे ताकदीचे सलाईन लावून मिळेल.”

खळ सुद्धा स्वतःची नाही! त्याच दिवशी जाऊन मी त्याच्यावर आमचा कागद पुन्हा चिकटवला. पोरं नको म्हणत होती.

*

आता पल्लवीचं. हे सांगताना माझा आवाज चढतो, आधीच सांगते.

पल्लवी आमच्यातलीच, कन्नडकडची. तिच्या आईची पिशवी, म्हणजे गर्भाशय, तिशीतच काढलेलं. अंगावरून जास्त जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली, डॉक्टर म्हणाला काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ना सोनोग्राफी, ना कसला रिपोर्ट. तेव्हा पल्लवी आठ वर्षांची होती. आता ती तेवीसची आहे आणि आई तेव्हापासून कंबर धरून उठते. आणि आता पल्लवीच्या मोठ्या बहिणीला, मनीषाला, त्याच डॉक्टरनं तेच सांगितलं होतं. मनीषा सत्तावीस वर्षांची. घरात सगळे तयार, सासू तयार, मनीषा पण भिऊन तयार.

पल्लवीनं लेख लिहिला: पिशवी काढायच्या आधी डॉक्टरला विचारायचे पाच प्रश्न. मला नेमकं काय झालंय, ते लिहून द्या. ते कोणत्या तपासणीवरून कळलं? गोळ्यांनी किंवा दुसऱ्या उपायानं बरं होणार नाही का? काढल्यावर पुढं शरीराला काय होतं? दुसऱ्या डॉक्टरला दाखवेपर्यंत थांबलं तर चालेल का? बस. मोठ्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरबाईंकडून तपासून आणलेला लेख होता. ऐकणार: पल्लवीची आई, फोनवर. आईला वाचता येत नाही. तिनं सगळं ऐकलं, पाची प्रश्न परत म्हणून दाखवले आणि फोन ठेवला. अंक निघाला की मनीषाच्या सासूच्या हातात द्यायचा, असं पल्लवीचं ठरलेलं. छापलेलं असलं की माणसं ऐकतात.

सरांनी लेख परत केला. म्हणाले, विषय नाजूक आहे, जरा संयत करा. पल्लवीनं केला. पुन्हा आईला फोन. या वेळी पल्लवीनं प्रश्न वाचायच्या आधी आईच पुढचा प्रश्न म्हणत होती.

दुसऱ्यांदा परत. डॉक्टरांवर अविश्वास दिसतो म्हणे. ‘प्रश्न विचारा’ नको, ‘मार्गदर्शन घ्यावे’ लिहा, आणि चौथा प्रश्न काढा, बायका घाबरतील. मी केबिनमधे उभी राहून म्हटलं, सर, पिशवी काढताना बाई घाबरली तर चालते का? ते म्हणाले, वैद्यकीय वर्गाशी आपले संबंध बिघडतील. पिशवी काढताना कुणाचे संबंध बिघडत नाहीत, विचारताना बिघडतात! हे मी मनात नाही, तोंडावर म्हटलं. पल्लवी माझी ओढणी ओढत होती.

तिनं तरी चौथा काढला. तिला अंक हवा होता, काहीही करून. पुन्हा फोन, पुन्हा पहिल्यापासून. ती चार प्रश्न वाचून थांबली, तर तिकडून आई म्हणाली, “चौथा कुठं गेला?”

पल्लवी रडायलाच लागली. आईनं चौथा प्रश्न म्हणून दाखवला आणि म्हणाली, लिही.

तिनं लिहिला. लेख तिसऱ्यांदा परत आला, आणि या वेळी सर म्हणाले, समितीपुढं ठेवू, बघू. मनीषाला दवाखान्यात बोलावलेलं होतं आठ दिवसांनी.

*

अंक निघाला. पल्लवीच्या जागी सरांचा स्वतःचा लेख: पाणी पिण्याचे फायदे. मला न विचारता, मला न दाखवता. खाली मात्र नियम पाळलेला. ऐकणार म्हणून त्यांच्या केबिनबाहेरच्या शिपाईमामांचं नाव.

मी मामांना विचारलं, काय कळलं?

“सायबांनी वाचलं कुठं? नाव काय म्हणून इचारलं फक्त. मी सांगितलं.”

छापलेल्या अंकांचा सगळा गठ्ठा मी सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, तुम्हीच चिकटवा. संपादकपदही तिथंच ठेवून आले. आता पोरं मागं लागलीत परत ये म्हणून.

*

ठरल्या दिवशी पल्लवी गावी गेली. छापलेलं काही नव्हतंच. वहीतला कागद होता, तो तिनं घडी करून मुठीत धरलेला. दवाखान्यात मनीषा, तिची सासू, पल्लवी आणि आई. आईला कुणी चल म्हटलं नव्हतं. ती नवीन लुगडं नेसून एसटीत येऊन बसली.

नंबर आला. चौघी आत गेल्या. डॉक्टरनं वर न बघता विचारलं, पेशंट कोण? मनीषानं हात वर केला. पल्लवी कागद उघडायला लागली, घडी सुटेना.

आईनं मनीषाचा हात धरून खाली घेतला आणि स्टुलावर स्वतः बसली.

“ही नंतर. आधी मी. पंधरा वर्सांमागं तुमीच काढली माझी पिशवी. तवा इचारायचं राह्यलं होतं.”

डॉक्टरनं पेन ठेवला. आईनं पदर सारखा केला.

“पयला प्रश्न,” ती म्हणाली.