न दुखणारी जागा

डायलिसिसच्या खुर्चीत बसलं की आमचे हे डावा हात पुढे करतात आणि सिस्टरला सांगतात, "नेहमीच्याच जागी टोचा, तिथं दुखत नाही."

आज सिस्टरनं त्या फुगलेल्या शिरेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "काका, दुखत नाही तीच जागा खराब झालीय. सारखं तिथंच टोचून शिरेचं आतलं अस्तर विरत चाललंय. आज दुसरीकडे टोचू."

मी ब्लाउज शिवते. अस्तर विरलं तरी ब्लाउज बाहेरून धड दिसतो, हे मला ठाऊक आहे. शिरेलाही अस्तर असतं, हे मात्र आजच कळलं.

नव्या जागी सुई गेली तसा यांनी श्वास आत ओढला. मशीन सुरू झालं. मी सवयीनं विचारलं, "बरं वाटतंय ना?" हेही सवयीनं "हो" म्हणाले. आठवड्यातून तीनदा मी हेच विचारते, हे तेच सांगतात. दोघांनाही काही दुखत नाही.

आज मी त्या "हो"वर थांबले नाही. यांचा मोकळा हात धरून मी विचारलं, "भीती वाटते का हो?"

यांनी पुन्हा तसाच श्वास आत ओढला.