समुद्राची काच आणि कड्याचा नाका

माझ्या एकुलत्या एक बहिणीच्या लग्नाला मी उशिरा पोचलो, तो समुद्रामुळे. आमच्या बीड जिल्ह्यात समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. हे कारण ज्याला सांगावं तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग जवळपास कुणी शहाणं माणूस आहे का ते बघतो.

निजामाच्या राज्यातले दिवस होते ते. मी नेकनूरला मास्तर होतो आणि (घरात हे गंगूखेरीज कुणाला सांगायची सोय नव्हती) गोष्टी लिहीत होतो. गंगूचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, लग्न कडा गावी, मुलाच्या दारी ठरलं. आमची आत्या कोकणात रेवदंड्याला दिलेली. ती आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत, असा आमच्या वडिलांचा, आबांचा, हुकूम! तिला आणायला मला धाडलं. निघताना गंगूने मला दाराआड गाठलं.

"दादा, होमात माझ्या ओंजळीत लाह्या तूच घालायच्यास. काकाचा बापू घालणार असंल तर मी ओंजळच उघडणार न्हाई. सांगून ठिवते."

"अगं, मी चार दिवस आधी हजर होतो!"

गंगू बोलते तसं करते, हे सगळ्या नेकनूरला माहीत होतं. मीही छातीवर हात ठेवून शब्द दिला. आणि मग रेवदंड्याला जाऊन समुद्र पाहिला.

तिथल्या वाळूत काचेचे तुकडे सापडतात. फुटक्या बाटल्यांचेच, पण लाटांनी वर्षानुवर्षं घासून त्यांच्या धारा गेलेल्या आणि अंगावर दुधाळ साय चढलेली. हिरवे, निळे, पांढरे, आणि मला तर एक लालही मिळाला! माझ्यातला लेखक तिथंच वाळूत गुडघे टेकून बसला. फुटलेलं माणूस! काळाच्या लाटा! बोथट झालेलं दुःख! अख्खी कादंबरी पायाशी पडली होती, नुसती वेचायची होती. सहा दिवस मी वेचत होतो आणि वहीत प्रत्येक रंगापुढे त्याचा माझ्या गोष्टीतला अर्थ लिहून रात्री गोष्टही पुढे नेत होतो.

तिसऱ्या दिवशी आत्या कमरेवर हात ठेवून किनाऱ्यावर येऊन उभी राहिली. इतकी वर्षं कोकणात काढली, पण राग आला की तिच्या तोंडात नेकनूरच यायचं.

"कावून रे? भरल्या गावात माझा भाचा उकिरडा येचतोय! लोकं हसत्यात मला!"

"आत्या, उकिरडा नव्हे. पाचू आहेत हे. समुद्री पाचू!"

तिने गप्प बसावं म्हणून म्हणालो. ती गप्प बसली. (तिथंच मला शंका यायला हवी होती, कारण आत्या उगाच कधी गप्प बसत नसे.) दुसऱ्या दिवसापासून पदर खोचून तीही माझ्या शेजारी वेचू लागली.

अशा रीतीने चार दिवस आधी पोचणारा मी लग्नाच्या दिवशी दुपारी, आत्या आणि गाडीवान यांच्यासह, दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, बसून निजामाच्या हद्दीवर आलो. मुहूर्त गोरजाचा होता. कडा तिथून हाकेवर, आणि मध्ये एकच गोष्ट, करोडगिरीचा नाका! बाहेरून राज्यात येणाऱ्या मालावर तिथं महसूल घेत. नाकेदार पिकल्या दाढीचे, शांत गृहस्थ होते. ओरडणाऱ्या अंमलदाराला मी भीत नाही. शांत माणसापुढे मात्र मी खरंही खोट्यासारखं बोलतो.

त्यांनी गाडीतलं गाठोडं उचललं. आत्याने आपल्या जुन्या शालूचा तुकडा फाडून त्यात काचा बांधल्या होत्या आणि वर सात गाठी मारल्या होत्या.

"यात काय हाय, मास्तर?"

"काच."

"काच? रेशमात?" ते एकेक गाठ सोडत म्हणाले.

"फुटकी आहे, साहेब. वाळूतली."

"फुटकी काच. रेशमात. सात गाठी. आन् पार कोकणापासून इथवर आणली." त्यांनी माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "कशापायी?"

याचं खरं उत्तर 'साहित्यासाठी' असं होतं. ते आत्यादेखत सांगायची सोय नव्हती. तेवढ्यात दमणीतून आत्या खाली उतरली.

"काच कुणाला म्हन्ता? पाचू हायती ते, समुंदरी! माझ्या भाच्यानं सा दिस उन्हात येचल्यात. गंगूच्या अंगावर घालायच्यात!"

"आत्या, गप बसा की!"

"कावून गप बसू? चोरीचं हाय व्हय?"

नाकेदारांनी चष्मा काढून पुसला. "मास्तर, तुमी म्हन्ता काच, बाई म्हन्त्यात पाचू. पाचू म्हटलं तर महसूल भरावा लागतो. मंग बाई कशाला खोटं बोलतील? खोटं बोलायची गरज तुमाला हाय."

मी दगड उचलला आणि एक हिरवा तुकडा त्यांच्यासमोर फोडून दाखवला. आत्याने किंकाळी फोडली.

"हिराबी फुटतो," नाकेदार म्हणाले.

"मग सगळं इथंच ठेवा! माझ्या बहिणीचं लग्न आहे, मला जाऊ द्या!"

"एवढा माल टाकून पळणारा मानूस नोकरीत पैल्यांदाच बघतोय," ते म्हणाले आणि शिपायाकडे वळले. "ह्यांचं सगळं सामान खोला."

सामानात धोतरं निघाली, आत्याच्या सुकटीची पुरचुंडी निघाली (शिपाई दोन पावलं मागे सरला), आणि माझी वही निघाली. नाकेदार मोठ्याने वाचू लागले.

"'लाल, एक. राणीच्या काळजाचा. कप्तानाने मरताना गुपचूप किनाऱ्यावर टाकला.'" त्यांनी पान उलटलं. "'निळे, सात. यांच्यासाठी भावाने भावाचा खून केला. हिरवे, तेवीस. बारा वर्षं टपून बसल्यावर हाती लागले.'"

शिपायाने बंदूक खांद्यावरून हातात घेतली.

"कोनती राणी?" नाकेदारांनी विचारलं.

"मनातली!"

"आन् खून कुठं झाला?"

"गोष्टीत, साहेब! गोष्टीत झाला!"

"ते कोन्त्या तालुक्यात आलं?"

"मास्तर," गाडीवान हळूच म्हणाला, "दिस लई कलला."

कड्याच्या बाजूने वाजंत्री ऐकू येऊ लागली. मांडवात बापू लाह्यांचं सूप घेऊन उभा आहे आणि गंगू मुठी आवळून बसली आहे, असं मला लख्ख दिसायला लागलं. भरल्या मांडवात होम अडला तर सासरी तिला पहिल्याच दिवशी काय ऐकून घ्यावं लागेल? माझ्या हौसेपायी! मला रडूच आलं. मी नाकेदारांचे पाय धरले.

"साहेब, मी गोष्टी लिहितो. ही खोटी गोष्ट आहे. आईशप्पथ!"

नाकेदारांनी थोडा विचार केला. "मंग वाचा. पैल्यापासनं. गोष्ट आसंल तर नीट पुढं जाईल. बनाव आसंल तर तुमी मधीच आडकाल."

मी वाचायला लागलो. गंगू सोडून माझी गोष्ट कुणी ऐकण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या पानावर शिपायाने बंदूक भिंतीला टेकवली आणि स्वतःही टेकला. तिसऱ्या पानावर राणीने विरहात औषधाची बाटली खडकावर आपटली, आणि आत्या ताडकन उभी राहिली.

"बाटली? म्हंजी ही बाटलीची काच हाय? मुडद्या, बाटलीच्या काचंसाठी तीन दिस मला वाकवलंस? माझा शालू फाडलास?"

शालू तिनेच फाडला होता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. तिने छत्री उचलली. मी वाचत राहिलो, ती मारत राहिली. वाक्य मात्र मी एकही गाळलं नाही.

चौथ्या पानावर नाकेदारांनी हात वर केला.

"बास, मास्तर. जावा तुमी."

"खात्री पटली, साहेब?"

"पटली. चोरानं याच्यापरीस बरी थाप मारली आसती."

आता तरी मी गाडीत उडी मारायची की नाही? दिवस बुडत होता, बहीण खोळंबली होती. आणि मी, लाज वाटते सांगायला, तिथंच उभा राहून म्हणालो, "पण साहेब, शेवट फार चांगला जमलाय..." आत्याने माझा कान धरला आणि मला दमणीत कोंबलं.

मांडवात शिरलो तेव्हा मुहूर्त टळू नये म्हणून आत्याविनाच अक्षता पडून गेल्या होत्या आणि होम पेटला होता. बापू सूप धरून घामाघूम झाला होता. भटजींचा आवाज बसला होता. आबा कुणाकडेच बघत नव्हते आणि गंगूची सासू सगळ्यांकडे बघत होती. गंगू खाली मान घालून बसली होती, दोन्ही मुठी गच्च आवळलेल्या. मी बापूच्या हातातून सूप ओढलं. तिने माझे धुळीने भरलेले पाय पाहिले आणि ओंजळ उघडली. मी इतक्या घाईने लाह्या ओतल्या की निम्म्या नवरदेवाच्या मांडीवर पडल्या. आम्ही दोघंही रडत होतो आणि धुरामुळे ते खपून गेलं.

"कुठं व्हतास रं?" ती पुटपुटली.

"नाक्यावर धरलं होतं. माझी गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा सोडलं."

"वाचून दावलीस? आन् तरी सोडलं?"

नवरदेव जावईपणा विसरून फिसकन हसला. त्यामागून सासूही हसली, आणि मांडव मोकळा झाला. गंगूचा संसार पुढे उत्तम झाला, देवाची कृपा. आजही मी कड्याला गेलो की भाचे दारातच आडवे उभे राहतात आणि विचारतात, "मामा, काही लिहिलेलं आणलं न्हाई ना?" मी नाही म्हटल्यावरच पाय धुवायला पाणी येतं.