मी न चढलेली बोट

ती घटना आजही आठवते आणि माझी मान खाली जाते. नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण हिला चूक म्हणायची सोय नाही.

तेव्हा मी अमली पदार्थविरोधी पथकात प्रतिनियुक्तीवर होतो. समुद्रात संशयित बोट अडवायचे काम नौदलाचे. झडती, जप्ती आणि अटक मात्र आमची. म्हणून एक अधिकारी आणि एक हवालदार असे आम्ही नौदलाच्या जहाजावर राहत असू. मी देऊळगाव राजाचा, हवालदार डोणगावचा. धरणापलीकडे दोघांनीही पाणी पाहिलेले नव्हते. हवालदार दोन दिवसांत सरावला. मी बादली जवळ घेऊन पडलेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी खबर आली: निळी मच्छीमार बोट, बर्फाच्या कप्प्याखाली माल. दुपारी बोट दिसली. नौसैनिक तिच्यावर चढायला निघाले. त्यांच्यासोबत मी जाणे नियमाने बंधनकारक होते. पण समुद्र खवळलेला, दोरीची शिडी हेलकावे खात होती. ओकाऱ्या हे निमित्त होते. खरे म्हणजे मी घाबरलो होतो. मी हवालदाराला पाठवले.

तासाभराने माल आणि पाच माणसे जहाजावर आली. पंचनामा जहाजावरच केला, तो खरा होता. खोटा होता माझा अहवाल. त्यात मी लिहिले की मी स्वतः बोटीवर चढून झडती घेतली आणि पाचही जण मालासह मिळून आले. तो लगेच वायरलेसने वरिष्ठांना गेला.

मग एकेकाची चौकशी केली. खोटे बोलणारा माणूस न विचारलेलेही सांगतो, हा माझा नेहमीचा अनुभव. बर्फ कुठे भरला याची दोन उत्तरे आली आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, फुटला. माल कोणाचा, कुठे उतरवायचा, सगळे त्याने कबूल केले. पाचवा, पन्नाशीचा एक मच्छीमार, मात्र एकच सांगत राहिला: त्याच्या होडीचे इंजिन बंद पडले होते, या लोकांनी त्याला वर घेऊन होडी मागे बांधली होती. त्याच्याबद्दल तांडेल अवाक्षर बोलेना. अशी होडी अहवालात नाही म्हणून मी त्याला उडवून लावले.

संध्याकाळी हवालदार माझ्याकडे आला.

"साहेब, तो माणूस खरं बोलून राह्यला. मांगं होडी बांधेल होती. म्या डोयानं पाह्यली. आमी जवळ गेलो तं तांडेलानं दोर कापला."

"मंग आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच नाही."

अहवाल दुरुस्त करायचा तर पहिला प्रश्न आला असता, बोटीवर कोण गेले होते? मी त्याला गप्प राहायला सांगितले. तो "हाव" म्हणून निघून गेला.

खटल्यात हवालदाराचे किंवा बोटीवर चढलेल्या नौसैनिकांचे नाव मी साक्षीदारांत घातलेच नाही. बचावाच्या वकिलाने मला विचारले, तुम्ही स्वतः चढला होता का, मागे होडी होती का. मी शपथेवर सांगितले की मी चढलो होतो आणि होडी नव्हती. पाचही जणांना सक्तमजुरी झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात पोलीस त्या पाचव्या मच्छीमाराला घेऊन जाताना तो माझ्यापाशी थांबला. आवाजही न चढवता म्हणाला, "साहेब, तुम्ही आला असतात तर तुम्हाला दिसली असती."

त्याला ठाऊक होते. तरी महिनाभराने गावात माझा सत्कार झाला आणि मी शाल पांघरून घेतली.

पैसे खाऊन खोटे लिहिणारे पोलीस मी पाहिले आहेत, त्यांना पकडलेही आहे. भित्रा म्हणवून घ्यायची लाज वाटते एवढ्यासाठीही माणूस दुसऱ्याला तुरुंगात ढकलतो, हे मला माझ्याकडे बघून कळले.

त्या मच्छीमाराचे अपील अजून चालू आहे. गेल्या महिन्यात मी त्याच्या वकिलाला सगळे खरे लिहून दिले. हवालदारही साक्षीला तयार आहे. वकिलाने कागद वाचला आणि विचारले, इतकी वर्षे का थांबलात? मी म्हणालो, "पेन्शन सुरू व्हायची वाट पाहत होतो."