एकोणीस पॉइंट चार

सतरा एप्रिल. सोनपेठला आमच्या ओसरीवर बैठक. हजर नऊ माणसं: आमच्याकडून मी, माझी बायको, पुतण्या आणि भावकीतले दोघं, मुलीकडून तिचे वडील, गंगाखेडचे मामा आणि दोन चुलते. लग्नाचा खर्च तीन लाख, निम्मा-निम्मा.

पुतण्या फौजेत, लडाखला. भाऊ गेल्यापासून त्याला मीच वाढवलं. आमच्यात लग्न ठरतं ते यादीवर. ती लिहून, वाचून, सह्या झाल्या की मागं फिरता येत नाही. यादी मी लिहीत होतो. सगळं उघड असावं म्हणून सोबत रक्ताचा रिपोर्ट जोडायचा, हा हट्ट माझाच. सह्यांआधी तो मोठ्यानं वाचलाही मीच. पोरगा लडाखहून खाली उतरल्यावर चौथ्या दिवशी तपासलेलं रक्त. हिमोग्लोबिन एकोणीस पॉइंट चार. वरची हद्द सतरा.

"रक्तच बदललं की ओ पाव्हणं पोराचं," मामा म्हणाले.

"कमी असतं तर गोष्ट वेगळी," बायको म्हणाली. "जास्तीचं कसलं दुखणं?"

"साखर जास्त निघाली मंजी पेढे वाटतेत का, ताई?"

सगळे हसले. जिथं चार पावलं चाललं की धाप लागते तिथं ओझं घेऊन पहारा देणारा पोरगा मान खाली घालून बसला होता. सही कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी परभणीला डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, जनुकं तीच आहेत. त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक किती चालवायचं ते त्या ठरवतात. उंचावर प्राणवायू कमी पडला की काही खुणा बदलतात. तांबड्या पेशी वाढतात त्या मात्र प्राणवायू वाहायला शरीर जास्त बनवतं म्हणून. हा आजार नाही. खाली राहिला की रक्त काही आठवड्यांत उतरेल. मुलाबाळांचं विचारलं. "वाढलेलं रक्त मुलांकडे जात नाही. खुणा किती दिवस टिकतात, याचा अभ्यास अजून चालू आहे."

हे मी शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि मामांना फोनवर शब्दाला शब्द वाचून दाखवलं. चूक झाली ती इथं. त्यांनी शेवटचं वाक्य तेवढं धरलं.

"मंजी डॉक्टरला बी पक्कं ठाऊक न्हाई!"

या गृहस्थाचं बियाण्याचं दुकान आहे. बियाणं उगवेल, एवढं कधी पावतीवर लिहून देत नाही. आणि माझ्या पोराच्या रक्ताची जन्मभराची हमी मागतो. मी तसं तोंडावर बोललो. फोन कट झाला.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. पंधरा पॉइंट आठ. रिपोर्ट पाठवला. मुलीच्या वडिलांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"रिपोर्ट चांगलाच हाय, दादा. पण आठ दिवसामागं मामानं दुसरीकडं जमवलं."

"आणि तुम्ही बाप असून गप बसलात?"



मी पुढच्या स्थळाला दाखवायला तो रिपोर्ट जपून ठेवत होतो. पुतण्यानं हातातून घेतला आणि फाडला. "काका, वर गेलो की पुन्ना वाढणारच हाय. दर येळेला कुणाकुणाला दाखवायचं?" नऊ जूनला तो वर गेला.

शेवटी पैसे दिले ते असे: दोन तपासण्यांचे सातशे, परभणीच्या लॅबला. तीनशे डॉक्टरांना. यादीतल्या तीन लाखांतले कुणालाच नाहीत.