कानसेनचा अनडू

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणत. डोळे लहानपणीच गेलेले, त्यामुळे पोट चालायचं ते कानांवर. बैठकांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि इतिवृत्त टाइप करायचं. लिहिलेलं संगणक बोलून दाखवायचा. चार माणसं एकदम कलकलली तरी कुठलं वाक्य कुणाचं, हे गडी बिनचूक सांगे. साहेबसुद्धा अडलं की म्हणत, "कानसेनला विचारा." या एका वाक्यावर त्याने तिथे उभी हयात काढली होती.

मग नवी आली. तीही अंध, वयाने त्याच्या लेकीएवढी, नोकरीत अजून कायम व्हायची होती. तिच्या संगणकाचा आवाज असा भरधाव पळे की बाकीच्यांना नुसती गुणगुण ऐकू येई, आणि हिला शब्द न् शब्द कळे. जेवणाच्या सुट्टीत लोक तिच्या टेबलाभोवती जमू लागले. "अगं, अजून जोरात पळव ना!" कानसेन आपल्या कोपऱ्यात एकटाच डबा खात बसे. एकदा गुपचूप त्यानेही आपल्या यंत्राचा वेग वाढवून पाहिला. त्याला माशा घोंगावल्याचं तेवढं ऐकू आलं.

"त्यात काय एवढं? बडबड ऐकते, झालं," तो घरी म्हणाला.

"मिरच्या झोंबल्यात तुम्हाला," बायको म्हणाली.

"मला? त्या पोरीमुळे?"

"मग घरात पाऊल टाकल्यापासून दुसरा विषय का नाही निघाला?"

झोंबल्या होत्याच. सरळ सांगायचं तर त्याच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर औषध नव्हतं.

त्यात भर म्हणून साहेबांनी नवीच्या सांगण्यावरून याच्याही संगणकावर मजकूर लिहायचा नवा प्रोग्राम घातला. आणि नेमकं व्हायचं ते झालं. संध्याकाळी द्यायच्या इतिवृत्तातला महत्त्वाच्या ठरावाचा अख्खा परिच्छेद चुकून हात लागून पुसला गेला, आणि हे लक्षात आलं पुढच्या काही ओळी टाइप केल्यावर. त्याने अनडू, म्हणजे केलेलं मागे घ्यायची कळ, दाबला. यंत्र म्हणालं, "अनडू." बस्स. काय गेलं, काय आलं, अवाक्षर नाही. मग बाणाची कळ दाबून त्याने ओळी ऐकल्या, तर शेवटची ओळ गेली होती. ठीक. पुन्हा अनडू, पुन्हा बाण. ऐकतो तर गेलेली ओळ हजर! पुन्हा दाबला, ओळ गायब. परत दाबला, परत हजर. परिच्छेदाचा पत्ता नाही, आणि ती ओळ मात्र साखर मागायला येणाऱ्या शेजारणीसारखी ये-जा करतेय.

तो तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. "त्या पोरीचा प्रोग्राम कामाची वाट लावतोय. तिला कायम करण्याआधी विचार करा, साहेब."

दुसरं वाक्य कामाचं नव्हतं. ते कित्येक दिवस तोंडात तयार होतं.

"असं? मग तिचा कागद आज पुढे पाठवत नाही," साहेब म्हणाले. "पण इतिवृत्त मला संध्याकाळी हवंय."

बाहेर येताना कानसेनला फार दिवसांनी हलकं वाटलं. काम मात्र होतं तिथेच अडलेलं. खुर्चीत बसतोय तोच नवी शेजारी येऊन उभी राहिली.

"काका, अनडू फसलाय ना? दाबा बघू, मी ऐकते."

"यंत्र काही बोलतच नाही. ऐकणार काय तू?"

"तुमची बोटं."

त्याने नाइलाजाने दाबून दाखवलं. ती कान देऊन उभी होती.

"काका, दोन अनडूंच्या मध्ये तुम्ही बाण दाबताय."

"दाबणारच! हा मेला सांगत नाही काय झालं ते. तपासायला नको?"

"तिथेच गोची आहे. मध्ये दुसरी कळ दाबली की साखळी तुटते. मग पुढचा अनडू मागचाच अनडू मागे घेतो. माझंही सुरुवातीला हेच झालं होतं, रडायची बाकी होते." तिने एक सेटिंग बदललं. "आता बदललेली ओळ तो स्वतःच वाचेल. तपासू नका, नुसतं दाबत राहा."

तो दाबत राहिला. नंतर टाइप केलेल्या ओळी एकेक करून गेल्या आणि मग यंत्र सबंध ठराव वाचू लागलं. नवी केव्हाच आपल्या जागी निघून गेली होती.

इतिवृत्त पुरं झालं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. तिचा कागद पडून राहील, ती जाईल, डबे पुन्हा याच्या कोपऱ्यात उघडतील. विचार गोड होता, आणि तो बराच वेळ चघळत बसला. पण एक गोष्ट घशाखाली उतरेना. इतक्या वर्षांत सगळ्यांना त्याने ऐकलं होतं; त्याची बोटं कुणी ऐकली नव्हती. तो चरफडत उठला.

"साहेब, मघाचं बोलणं मागे घेतो. चूक प्रोग्रामची नव्हती, माझी होती. तिने दुरुस्त केली. तिला कायम करा."

"अरे वा," साहेब हसले. "म्हणजे यापुढे अडलं की तिलाच विचारायला हवं."

हे ऐकायला लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. पोटात पुन्हा कळ आली. तो बाहेर पडला. केबिनला लागूनच नवीचं टेबल होतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "ही भिंत प्लायवूडची आहे."

त्याचे पाय जागीच थांबले. "म्हणजे मघाशी..."

"मघाशीही ऐकलं. म्हणून तर तुमच्याकडे आले." तिच्या यंत्राची गुणगुण थांबली. "आत्ताचंही ऐकलं. आता मध्ये दुसरं काही दाबू नका हं, काका. नाहीतर मघाचं सगळं परत येईल."