वळसंगच्या पाहुण्यांचं गिऱ्हाईक

सोलापुरात चवीनं वाईन पिणारा माणूस शोधायला निघालेला आणि तो आपल्याला सापडलाय यावर मनापासून विश्वास ठेवणारा जगात एकच गृहस्थ असेल, आमचे वळसंगचे पाहुणे. माझ्या चुलत बहिणीचे थोरले दीर. सापडलेला माणूस म्हणजे मी.

त्यांच्या भागातली मंडळी खायची द्राक्षं लावतात, फार तर बेदाणा करतात. पाहुण्यांनी वाईनची द्राक्षं लावली, शेतातच पोलादी टाक्या उभ्या केल्या आणि पत्र्याच्या शेडवर ‘वायनरी’ अशी पाटी ठोकली. पाटी बघून एकजण बिअर मागायला आला, त्याला त्यांनी मांडी घालून बसवलं आणि ताक पाजून परत पाठवलं. उन्हाळ्यात वीज गेली की माझ्या दुकानातून नेलेले टॉवेल ओले करून ते टाक्यांना गुंडाळत. “ताप चढलाय तिला,” म्हणत, आणि शेडमध्ये कुणी मोठ्यानं बोललं तर डोळे वटारत. वाईन ही कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीसाठीच जन्माला आली, चुकून दुसऱ्या मुलखात वाढली, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे वाईनबद्दल कुणी काहीही बोललं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “कशासंगं पिलाव?”

दर शनिवारी संध्याकाळी ते स्कूटरवरून नव्या पेठेत यायचे. खाली माझं टॉवेलचं दुकान, वर घर. पायाशी पिशवीत बाटली, हँडलला भाकरी-चटणीचा डबा. डबा आम्ही दोघं मिळून संपवायचो, बाटली मात्र ते तशीच ठेवून जायचे. त्यांचा नियमच होता. “मी म्होरं बसलो तर तुमी भिडंपायी ग्वाड म्हनशिला. एकट्यानं प्या, म्होरल्या शनवारी सांगा.” मग पुढच्या शनिवारी मी सांगायचो. जरा तुरट वाटली. मागची बरी होती. एकदा काहीच सुचेना, म्हणून लाकडासारखी लागते असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौसेनं आणलेलं लाकडी पिंप शेडबाहेर काढलं आणि टाकीवर खडूनं लिहिलं, ‘पाहुण्यांस लाकूड नको.’

आता खरं सांगतो. मी त्यातला एक थेंबही कधी प्यायलो नाही. आमच्या घरात दारूला कुणी शिवलेलं नाही, आणि मला तर वासच सोसत नाही. पाहुण्यांची स्कूटर गल्लीबाहेर गेली की मी बाटली मोरीत रिकामी करायचो, विसळायचो आणि तिच्यात मनीप्लँट लावायचो. आमच्या मोरीइतकी उंची वाईन सोलापुरात कुणी प्यायलं नसेल. खिडकीतली हिरवी रांग बघून पाहुण्यांचा चेहरा असा फुलायचा की बोलायचं राहून जायचं. पण भीड हे निम्मंच कारण. बायको गेल्यापासून आणि मुलगी बेंगळुरूला राहायला गेल्यापासून माझ्या जिन्यावर शनिवारीच तेवढी पावलं वाजायची. खरं बोललो असतो तर शनिवार गेला असता.

मग एक परदेशी व्यापारी त्यांच्या शेडपर्यंत पोचला. त्याला वाईन आवडली. लाकडाचा वास नाही हे तर फारच आवडलं. दरवर्षी सगळा माल तो उचलणार होता. अट एकच, इथं एकही बाटली विकायची नाही. पाहुणे त्या शनिवारी आले ते स्थळ सांगून आलेल्या पोरीच्या बापासारखे.

“पावणं, तुमी टावेल परदेसाला धाडता. आंग पुसून कसं वाटलं, त्ये तितनं कोन सांगतं व्हय?”

“नाही. पुढची ऑर्डर येते, नाहीतर येत नाही.”

“मग मी बी न्हाई म्हनून टाकतो. तिकडं कोन कशासंगं पितंय, मला कसं कळावं? हितं तुमी हाईसा की! एक हाय, म्हंजे धा हुतील.”

टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या. वेलीवर नवा माल पिकत आला होता, आणि तो ओतायला जागा नव्हती. नाही म्हटलं असतं तर बाग उपटायची वेळ आली असती. तीही माझ्या मोरीच्या भरवशावर!

मी उठलो, त्यांना हाताला धरून मागं नेलं आणि मोरी दाखवली.

“पाहुणे, पिणारा मी नाही. ही.”

त्यांनी मोरीकडे पाहिलं, मग खिडकीतल्या रांगेकडे. “समदी?”

“सगळी.”

“लाकडाचं सांगितलं त्ये बी?”

“तेही.”

ते हसतील किंवा चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी डबा उचलला, झाकण नीट लावलं आणि जिना उतरले. बाटली टेबलावर राहिली.

माल परदेशी गेला. आता दरवर्षी जातो, शेडशेजारी दुसरी शेड झाली, असं बहीण सांगते. मला बरं वाटतं, खरंच वाटतं. शनिवारी मात्र गल्लीत कुठलीही स्कूटर थांबली की मी जिन्याकडे बघतो.

गेल्या शनिवारी मी ती बाटली उघडली. बूच मोडलं, ते सुरीनं आत ढकललं. चहाच्या कपात ओतून, नाक दाबून निम्मा कप प्यायलो आणि पाहुण्यांना फोन लावला.

“पाहुणे, प्यायलो. आंबट आहे. मला नाही आवडली.”

पलीकडे शेतातली पाण्याची मोटार घरघरत होती, ती त्यांनी बंद केली.

“कशासंगं पिलाव?” पाहुण्यांनी विचारलं.

“कशाबरोबरच नाही. एकटाच बसलोय.”

“तशी कुटं पित्यात व्हय, पावणं,” ते म्हणाले.

फोन दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.